लेन्स बिचारी काय करील?

"काका, लेन्स पाड जाल्या दिसता."

जानेवारीतला रविवार होता. करमळीच्या तळ्यावर सकाळचे सगळे आटोपून मी ट्रायपॉड दुमडत होतो. अकराचा सुमार असेल. समोर पाण्यावर अडई बदकांचा थवा पसरला होता, पण माझ्यापुरता दिवस संपला होता. इतक्यात हा मुलगा आला. एका हॉटेलात कामाला आहे, तळ्यावर अधूनमधून भेटतो. पैसे साठवून त्याने सेकंडहँड ४०० एमएमची लेन्स घेतली होती. कॅननची जुनी एफ ५.६, १९९३ साली बाजारात आलेली. तिला स्टॅबिलायझर नाही, पण पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांत तिला अजून मान आहे. आता तो ती विकायला निघाला होता. एका दुकानदाराने घेतल्या किमतीच्या निम्म्याहून कमी पैसे देऊ केले होते, आणि वर 'ऑटोफोकस गेलेल्या लेन्सचे आणखी काय येणार' असे ऐकवलेही होते.

मी विचारले, नेमके काय होते?

"फोकस जायना."

मंडळी, माझे सगळे म्हणणे या दोन शब्दांपाशी सुरू होते. गेली काही वर्षे ओळखीतले लोक आपापल्या 'बिघडलेल्या' टेलीलेन्स मला दाखवायला आणतात. मी काही मेकॅनिक नव्हे, पण या भानगडीत स्वतः पोळलो आहे म्हणून विचारतात. आणि प्रत्येक जण तेच सांगतो, फोकस होत नाही. वैद्याकडे जाऊन 'बरे वाटत नाही' एवढेच सांगण्यासारखे आहे हे. फोकस होत नाही म्हणजे काय? मोटर हलतच नाही? की ती पुढेमागे घरघरत राहते आणि कुठेच थांबत नाही? की थांबते, टुक् असा आवाज येतो, हिरवा ठिपका लागतो आणि घरी येऊन पाहावे तर फोटो मऊ? की फोटो कडक, पण पक्ष्याऐवजी मागची काटकी कडक? हे चार वेगवेगळे आजार आहेत आणि त्यांतल्या तिघांचा लेन्सशी बहुतेक वेळा संबंधच नसतो. माझे मत असे की कुठल्याही लेन्सवर दुरुस्तीचे पैसे घालण्याआधी, ती विकण्याआधी तर नक्कीच, आपली तक्रार यांतली कुठली हे माणसाने धड एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ते न करता आपण लेन्सला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो.

मीही केले आहे. माझी पहिली झूम टेलीलेन्स घेतली तेव्हा दुकानदाराने 'संरक्षणासाठी' म्हणून एक यूव्ही फिल्टर वरून चढवून दिला. सहा महिने माझे सगळे फोटो असे येत, जणू कोणी बारीक मलमलीतून काढले आहेत. विशेषतः लेन्स पूर्ण लांब केली की. मी चिडून ती गोव्याबाहेरच्या एका सर्व्हिस सेंटरला पाठवली. तीन आठवडे गेले, तपासणी आणि सफाईचे बिल आले, आणि सोबत चिठ्ठी की लेन्स मर्यादेत आहे. मर्यादेत आहे म्हणे! मी त्यांना मनातल्या मनात खूप बोललो. मग एके दिवशी पुसताना फिल्टर काढून ठेवला आणि परत लावायचा विसरलो. त्या दिवशीचे फोटो पाहून मला माझीच लाज वाटली. स्वस्त काच आखूड लेन्सवर खपून जाते, लांब लेन्स तिचा प्रत्येक दोष मोठा करून दाखवते. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बहुधा फिल्टर काढूनच तपासणी केली असणार, ते खोटे बोलले नव्हते. पण 'फिल्टर काढून बघा' एवढे चार शब्द त्या चिठ्ठीत कोणी लिहिले असते तर? असो.

कॅमेरा फोकस कसा शोधतो हे आपल्याला कोणी सांगत नाही. १९८५ साली मिनोल्टा ७००० आला आणि एसएलआरमध्ये ऑटोफोकस सर्वांच्या हाती गेले. तेव्हापासूनची मूळ युक्ती साधी आहे. लेन्सच्या एका कडेने आलेली प्रतिमा आणि दुसऱ्या कडेने आलेली प्रतिमा, दोन्ही कॅमेरा शेजारी ठेवून पाहतो आणि त्या एकमेकींवर बसेपर्यंत लेन्स हलवतो. पण बसवायला काहीतरी रेघ हवी, कड हवी, उजेड-अंधाराचा फरक हवा. कॅमेऱ्याला 'पक्षी' दिसत नव्हता, कड दिसत होती. हल्लीच्या मिररलेस कॅमेऱ्यांना पक्ष्याचा डोळा ओळखता येतो हे खरे, आणि ते पाहून मी थक्कही झालो आहे, पण ओळखलेल्या डोळ्यावर फोकस बसवायला शेवटी कडच लागते.

हे मला शिकवले ते आमच्या गावच्या काल्याने. जत्रेच्या रात्री दशावतारी काला चालू, आणि समोर संकासुर. नखशिखांत काळा. मंडपातले दिवे पिवळे आणि मंद. माझी ७०-३०० लेन्स अशी पुढेमागे पळत होती की शेजारच्या आजोबांनी विचारले, "बाबा, ही मशीन कसली घरघरते?" त्या पूर्ण प्रवेशात एकही फोटो मिळाला नाही. घरी येताना मी मनात लेन्स विकून टाकली होती. पण लेन्सने करायचे काय? काळ्या कापडाच्या मध्यावर फोकसचा चौकोन ठेवून मी तिला 'शोध' म्हणत होतो. अंधारात काळे मांजर शोधायला सांगून वर ते सापडत नाही म्हणून रागावणे. पुढच्या वर्षी चौकोन संकासुराच्या खांद्याच्या कडेवर ठेवला, जिथे काळा पोशाख मागच्या उजळ पडद्याला भिडतो. लेन्स तीच, दिवे तेच. फोटो आले. सगळे नाही, पण आले.

पाण्यावरही असेच होते. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांचे फोकस उभ्या रेघा चांगल्या पकडते आणि आडव्या रेघांवर गोंधळते. तळ्यात आडव्या लाटा, आडवे गवत, आडवी पाने, त्यात उभा कमळपक्षी. अशा वेळी कॅमेरा जरासा तिरका धरा, फोकस बसला की सरळ करा. हा उपाय फुकट आहे म्हणून बहुधा कोणी सांगत नसावे.

आता हवेबद्दल, कारण आपल्या गोव्यात सर्वांत जास्त लेन्स हवाच 'बिघडवते'. ऊन चढले की शेत, बांध, डांबरी रस्ता, सगळे तापते. त्यावरची गरम हवा वर उठते, थंड हवेत मिसळते, आणि त्या मिश्रणातून येणारा प्रकाश सरळ न येता थरथरत येतो. मृगजळाचेच भावंड. नुसत्या डोळ्यांना ते क्वचित जाणवते, पण ४०० किंवा ६०० एमएमची लेन्स पक्ष्याला जवळ आणते तशी मधल्या सगळ्या हवेलाही जवळ आणते. परिणाम असा की एकामागून एक दहा फोटो काढावेत, एक थोडा बरा, तीन मऊ, दोन चुरगळलेले, आणि प्रत्येकात फोकस वेगळ्या जागी. माणसाला वाटते ऑटोफोकस भरकटला. बिचारे ऑटोफोकस तर नाचणाऱ्या कडांमागे प्रामाणिकपणे नाचत असते. यावर कितीही महाग लेन्स चालत नाही. सकाळी लवकर या, किंवा अंतर कमी असेल तेच फोटो काढा. आणखी एक बारीक गोष्ट. एसी गाडीतून थंड लेन्स एकदम उन्हात काढली तर हूडच्या नळकांड्यातच गरम-थंड हवेची घुसळण होते, आणि दमट दिवस असेल तर काचेवर वाफ धरते. लेन्स पिशवीत बंद ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी. वीस मिनिटे, अर्धा तास. तोवर चहा घ्या.

मऊ फोटोचे दुसरे कारण हात. जुना नियम असा की शटर स्पीड निदान एक भागिले फोकल लेंग्थ इतका हवा. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर त्याचीही दीडपट धरा, म्हणजे ४०० एमएमला सेकंदाचा सहाशेवा भाग. आणि तोही पक्षी शांत बसला असेल तर. स्टॅबिलायझर आपल्या हाताचे कापणे सावरतो, खंड्याच्या मानेचे हिसडणे नव्हे. हाताने हललेला फोटो आणि फोकस चुकलेला फोटो ओळखायची युक्ती आहे. फोटो पूर्ण मोठा करून पाहा. चौकटीत कुठेतरी, मागच्या फांदीवर, पुढच्या गवतावर, काहीतरी कडक आहे का? असेल तर फोकस तिथे गेला. काहीच कडक नसेल आणि सगळे एकाच दिशेला ओढल्यासारखे असेल तर हात हलला. काहीच कडक नाही आणि ओढलेलेही नाही, नुसते विरघळल्यासारखे, तर हवा किंवा फिल्टर. एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात. ती न देता लोक तीन आठवड्यांसाठी लेन्स कुरिअर करतात.

आणि मग ती आणखी एक तक्रार, डोळा कडक आणि चोच मऊ. याला आजार म्हणता येणार नाही. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ४०० एमएम, एफ ५.६ लावून दहा मीटरवर पक्षी असेल तर सगळे मिळून साधारण १३ सेंटीमीटर जाडीचा पट्टा कडक येतो. पाच मीटरवर तोच पट्टा जेमतेम ३ सेंटीमीटर. खंड्या तुमच्याकडे तोंड करून बसला असेल तर त्याची चोच एवढ्यात मावणारच नाही. गणित आहे, त्याच्यापुढे लेन्सचे काही चालत नाही.

मोटर हलतच नाही, या तक्रारीतही फसगत पुष्कळ. निकॉनच्या जुन्या एएफ लेन्सना स्वतःची मोटर नसे, कॅमेऱ्याच्या बॉडीतला एक छोटा स्क्रू त्यांना फिरवी. २००६ च्या डी ४० पासून निकॉनने स्वस्त बॉडींतून तो काढून टाकला. स्वस्तात मिळते म्हणून जुनी टेलीलेन्स घेऊन ती अशा बॉडीवर चढवणारे मी पाहिले आहेत. ती कधीच स्वतः फोकस करणार नाही, आणि त्यात कोणाचाच बिघाड नाही. २०१८ मध्ये मिररलेससाठी आलेल्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही ती मोटर नव्हती, त्यामुळे तीच गंमत पुन्हा नव्याने झाली. टेलीकन्व्हर्टरचेही तसेच. १.४ पटीचा कन्व्हर्टर एफ ५.६ च्या लेन्सला एफ ८ करतो, आणि जुन्या डीएसएलआरपैकी बहुतेकांचे ऑटोफोकस एफ ५.६ च्या पुढे हात टेकत असे. घेण्यापूर्वी विचारावे, विकणारा आपणहून सांगेल अशी आशा ठेवू नये.

बिघडतच नाहीत असे माझे म्हणणे नाही. डीएसएलआरमध्ये फोकस पाहणारा सेन्सर वेगळा असतो, आरशाखाली. फोटो टिपणारा सेन्सर वेगळा. दोघांच्या अंतरात केसाएवढा फरक पडला की फोकस कायम थोडा पुढे किंवा थोडा मागे पडतो. याची परीक्षा घरी होते. सकाळच्या सावलीत भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, पंधरा मीटरवर ट्रायपॉड, स्टॅबिलायझर बंद, शटर स्पीड भरपूर. दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून व्ह्यूफाइंडरमधून पाच फोटो, मग तसेच पाच लाइव्ह व्ह्यूमधून. लाइव्ह व्ह्यूचे पाचही कडक आणि व्ह्यूफाइंडरचे पाचही सारखेच मऊ, तर अंतराचा फरक आहे. बऱ्याच वरच्या दर्जाच्या बॉडींत तो मेनूतून सुधारता येतो. मिररलेसमध्ये ही भानगड मुळातच नाही, कारण फोकस त्याच सेन्सरवर होतो. दोन्हीकडचे फोटो मऊ आले, हवा शांत होती, फिल्टर नव्हता, तर मात्र लेन्सकडे वळायला हरकत नाही.

आपल्याकडे त्यात आषाढ-श्रावण असतो. बंद कपाटात, चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते, उजेडासमोर धरून पाहिले की कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. तिने फोटोतला कडकपणा मरतो, आणि कडा मेल्या की ऑटोफोकसही चाचपडतो. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक आर्द्रता मोजायचा काटा, चाळीस ते पन्नास टक्क्यांवर ठेवला की झाले. किनाऱ्यावर फिरणाऱ्यांनी माउंटवरचे सोनेरी ठिपके कोरड्या मऊ फडक्याने पुसत राहावे. खाऱ्या हवेचा थर बसला की लेन्स आणि बॉडीचे बोलणे तुटते. काही जण खोडरबराने घासतात. मी घासत नाही, तो मुलामा फार पातळ असतो. आणि लेन्स पडली असेल, आतून खरखर येत असेल, झूमच्या एका टप्प्यातच फोकस मरत असेल, तर माझ्यासारख्याला दाखवू नका. सरळ कारागीर गाठा. माझ्याकडे आजवर आलेल्या लेन्सपैकी अशी खरोखर बिघडलेली एकच होती, ती स्कूटरवरून पडली होती आणि मालकाने ते शेवटपर्यंत सांगितले नव्हते.

हे सगळे एवढ्या तावातावाने सांगायला आणखी एक कारण आहे. लेन्स बिघडली नाही हे मानले तरी दुसरा सोपा 'उपाय' हाताशी असतो, तो म्हणजे आणखी जवळ जाणे. फेब्रुवारीपासून धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. फटीतून नर तिला भरवतो, पिल्ले झाली की त्यांनाही. मी एका अशा झाडाखाली चार-पाच जण लेन्स वर करून उभे असलेले पाहिले. रानात उजेड कमी, मध्ये फांद्यांचे जाळे, लेन्स फांदीवरच अडकायच्या. म्हणून एकेक जण झाडाच्या बुंध्यापर्यंत सरकत गेला. नर दूरच्या फांदीवर चोचीत फळ घेऊन बसला होता. बसला आणि बसूनच राहिला. मी होतो तोवर तो खाली आला नाही. त्यांतल्या एकाने फोकसचा मोठा चौकोन बदलून एक बारीक ठिपका निवडला असता तर जिथे होता तिथूनच फांद्यांच्या मधून ढोलीवर फोकस बसला असता. मेनूतले एक बटण. ते माहीत नाही म्हणून आत एक मादी उपाशी. तिथे मी काही बोललो, त्यांनीही मला काही सुनावले, तो भाग इथे नको.

तर करमळीचा तो मुलगा. मी त्याला म्हटले, सावकाश सांग. मग कळले की त्याच्या तक्रारी दोन होत्या आणि तो त्यांना एकच समजत होता. जवळचा पक्षी असला, बांधावरचा खंड्या वगैरे, की लेन्स नुसती घरघरते, थांबतच नाही. लांबची बदके असली की थांबते, पण फोटो मऊ.

पहिलीचे उत्तर लेन्सच्या बाजूलाच होते. तिथे एक छोटे बटण असते, साडेतीन मीटर ते अनंत, किंवा साडेआठ मीटर ते अनंत. लांबच्या उडत्या पक्ष्यांसाठी दुसरे सोयीचे, लेन्सला शोधायला कमी वाट. आधीच्या मालकाने ते साडेआठवर ठेवून लेन्स विकली होती. याने चार महिने त्या बटणाला हात लावला नव्हता, 'काही बिघडेल' म्हणून. मी ते सरकवले आणि समोर पाच-सहा मीटरवर रोवलेल्या खुंट्यावर धरायला सांगितले. टुक्. त्याने एकदा लेन्सकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग पुन्हा खुंट्यावर. टुक्.

"आणि बदके?"

मी तळ्याकडे बोट दाखवले. पलीकडचा काठ उन्हात हलत होता. हवेचे सगळे सांगितले. सकाळी सात ते नऊ ये म्हटले, मग बघ याच लेन्सची करामत. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, त्याची रात्रपाळी सकाळी नऊला सुटते. कपडे बदलून, बस धरून इथे पोचेपर्यंत साडेदहा-अकरा होतात. सुट्टीच्या दिवशी घरी शेतात काम. चार महिन्यांतले त्याचे सगळे फोटो अकरानंतरचे होते.

यावर माझ्याकडे बटण नव्हते. चारनंतर ऊन उतरते तेव्हा जमते का बघ, म्हटले. नाहीतर दुपारी चोडणच्या फेरीबोटीने जा, तिथे खारफुटीच्या सावलीत खंड्या जवळ बसतात, मध्ये हवा कमी. त्याने मान डोलावली. लेन्स विकायचे तूर्त रद्द केले आहे. परवा फोन आला होता, महिनाभरासाठी दिवसपाळी मागून घेतोय म्हणाला, दुपारी दोनला लागायची. पगारातला रात्रपाळीचा भत्ता जाईल, पण सकाळ मोकळी मिळेल.